पूजेतला पाना

अंकाच्या संपादकांचा फोन आला. म्हणाले, गॅरेजमधले गमतीदार किस्से लिहा, दिवाळीत वाचकांना हलकंफुलकं बरं वाटतं. मी बरं म्हटलं आणि आता लिहायला बसलोय, तर हलकं काही हाताला लागेना. सगळं जडच निघतंय. गाडी जडच असते हो. ती पळवायचं कौतुक सगळ्या जगाला. मी आयुष्यभर ती थांबवायचं काम केलं. गाडी घ्यायला गेलेला आमचा कोल्हापूरकर पिकअप विचारतो, ॲव्हरेज विचारतो, स्क्रीन केवढी ते हात पसरून विचारतो. ब्रेक कसे आहेत असं विचारणारा मला अजून भेटायचाय.

उद्यमनगरात माझं गॅरेज आहे. आता गुडघे वाकत नाहीत म्हणून गाडीखाली शिरत नाही. दारात खुर्ची टाकून बसतो आणि कामगारांवर ओरडतो. तेवढं अजून जमतं. ब्रेकच्या कामात माझं नाव होतं. नाव होतं तसे नावं ठेवणारेही होते. हेकट, तोंडाळ, भांडकुदळ, सगळं म्हणून झालंय लोकांचं. आणि ह्या सगळ्या शिव्या मी एका वाक्यापायी खाल्ल्या. ते वाक्य रंगाऱ्याकडून भिंतीवर मोठ्या अक्षरात काढून घेतलं होतं, अजून आहे: ‘चाक उघडल्याशिवाय ब्रेक ऑइल भरून मिळणार नाही.’

बाहेरच्या माणसाला ह्यात एवढं काय ते कळायचं नाही, म्हणून सांगतो. बोनेट उघडलं की मागच्या बाजूला एक पांढरट प्लॅस्टिकची डबी दिसते. अंगावर दोन रेघा, वरची मॅक्स, खालची मिन. आत ब्रेक ऑइल. तुम्ही पाय दाबता तेव्हा हे ऑइल नळीतून चाकापाशी जोर लावतं, तिथला पिस्टन पुढं सरकतो, पिस्टन पॅडला ढकलतो आणि पॅड फिरत्या डिस्कला दोन्हीकडून चिमटीत धरतात. गाडी थांबते. ऑइल बघायचं तर गाडी सपाटीला लावायची, डबी फडक्यानं पुसायची आणि बाहेरूनच रेघ बघायची. झाकण काढायचंच झालं तर आधी त्याच्यावरची धूळ पुसायची, कारण आत पडलेला कचरा पुन्हा बाहेर येत नाही. नवं ऑइल मधासारखं दिसतं, जुनं काळ्या चहासारखं. गाडीच्या रंगावर सांडलं तर रंग उचलून काढतं. घालायचं ते सीलबंद डब्यातलं. उघडं राहिलेलं ऑइल हवेतलं पाणी ओढतं, पावसाळ्यात बरणीतल्या मिठाचं होतं तसंच. असं पाणी मुरलेलं ऑइल उतारावर तापलं की आत वाफ होते, आणि मग ब्रेकवर पाय दिला तर उशीवर दिल्यासारखा लागतो.

इथपर्यंत मोबाइलवर बघून कुणालाही येतं. पुढचं नीट ऐका. ब्रेक ऑइल जळत नाही, आणि गाडी ते पीतही नाही. ते बंद नळ्यांत असतं. मग डबीतली पातळी खाली गेली तर ऑइल गेलं कुठं? एक तर कुठंतरी गळतंय. नाहीतर पॅड झिजलेत. पॅड झिजला की पिस्टन तेवढा पुढं येऊन बसतो, त्याच्या मागच्या जागेत ऑइल उतरतं आणि वर डबीत कमी दिसतं. म्हणजे डबीतली पातळी ही चाकातली खबर आहे. ती मिनच्या खाली गेली की डॅशबोर्डवर लाल दिवा लागतो. दिवा म्हणत असतो, बाबा रे, चाक उघडून बघ. तुम्ही काय करता, वरून ऑइल ओतता. दिवा विझतो. पॅड झिजलेले ते झिजलेलेच. खबर देणाऱ्याचं तोंड तेवढं बंद केलंत.

म्हणून माझा नियम, आधी चाक, मग झाकण. ह्याच्यावर गिऱ्हाइकांनी माझ्याशी जेवढा वाद घातला तेवढा कुणी सोयरिकीत घालत नाही. शाहूपुरीत एक गुळाचे व्यापारी होते, मूळचे सीमाभागातले, बोलायला त्यांच्या गुळासारखेच. लाल दिवा लागला आणि मी चाक उघडल्याशिवाय भरून देईना, म्हणून त्यांनी घरात उरलेलं इंजिन ऑइल डबीत ओतलं. “ऑइल ते ऑइलच की हो अण्णा,” असं मलाच समजावलं. आतली सगळी रबरं भिजत घातलेल्या हरभऱ्यागत टरारून फुगली. चाकं जाम, गाडी जागची हलेना. नळ्यांपासून सगळं बदललं आणि वर मलाच ऐकवून गेले, की तुम्ही त्या दिवशी भरून दिलं असतं तर हे झालं नसतं. तरी त्यांचं नशीब थोर. त्यांची गाडी निदान जागेवर थांबली होती.

दुसरे एक रिटायर्ड हेडक्लार्क. दर पौर्णिमेला नृसिंहवाडीला जायचे. निघण्याआधी गाडीला उदबत्ती ओवाळायची आणि सीटखालच्या बाटलीतलं चमचाभर ब्रेक ऑइल डबीत सोडायचं, नैवेद्य दाखवल्यासारखं. ती बाटली कधी उघडलेली होती ते दत्तालाच ठाऊक. मी ती हिसकावून घेतली, तर सगळ्या कॉलनीत सांगत फिरले की त्यानं माझ्या श्रद्धेचा अपमान केला. चाक काही उघडू दिलं नाही.

शहाणाही भेटला एक. शिरोली एमआयडीसीत फाउंड्रीमध्ये सुपरवायझर होता. भिंतीवरचं वाचलं आणि म्हणाला, “उघडा.” बस्स. उघडलं, पॅड पातळ झालेले होते, बदलले, चहा पिऊन गेला. अशा माणसाचा किस्सा होत नाही. काही घडतच नाही ना. काही घडू नये ह्यासाठीच आमचा धंदा, आणि जे घडलं नाही त्याबद्दल धन्यवाद म्हणायला कोण येणार?

आता जे सांगायला बसलोय ते सांगतो. माझ्या दाजींचं.

आमची आई लवकर गेली. मला वाढवलं ते अक्कानं, माझ्या थोरल्या बहिणीनं. स्वतः शाळा सोडली आणि मला न्हाऊमाखू घातलं. लग्न होऊन ती कोडोलीला गेली तरी तिचा एक डोळा माझ्यावर असायचा. मी स्वतःचं गॅरेज काढलं तेव्हा पहिलं हत्यार तिनं घेऊन दिलं, चाकाचे नट खोलायचा लांब दांड्याचा व्हील पाना. म्हणाली, ह्यो माझा. दर खंडेनवमीला ह्येची पूजा मी करणार. आणि शब्द पाळला. दर साली ती आणि दाजी कोडोलीहून सकाळीच यायचे. पूजा अक्का मांडायची आणि तिचा पाना मधोमध ठेवायची.

आमच्याकडं खंडेनवमी म्हणजे साधं काम नाही. आदल्या दिवशी सगळी हत्यारं डिझेलनं धुवून, पुसून लख्ख करायची. पांढऱ्या कापडावर मांडायची. हळदकुंकू, झेंडूची माळ, नारळ, मटणाचा नैवेद्य. गिऱ्हाइकं आपापल्या गाड्या धुवून, हार घालून आणतात, चाकाखाली लिंबू ठेवतात. आणि हत्यारं एकदा पूजेत बसली की दसऱ्याचं सोनं वाटून होईपर्यंत त्यांना हात लावायचा नाही. ह्या दोन दिवसांत दारात कुणाची गाडी बंद पडली तर आम्ही सगळे मिळून ती ढकलतो, पाना लावत नाही. माझे उस्ताद हे पाळायचे, त्यांचे उस्ताद पाळायचे, मीही पाळत आलो.

दाजी वाईट माणूस नव्हते, हे आधी लिहून ठेवतो. शेती, गोठा, गावात शब्दाला वजन. बेंदराला बैल सजवावेत तशी गाडी सजवायचे. पण एक होतं. घरातलं सगळं त्यांना विचारून व्हायचं आणि त्यांनी कुणाला विचारायची पद्धत नव्हती. गाडीला दुसऱ्याचा हात लागलेला खपायचा नाही. वायपर स्वतः बदलायचे, एअर फिल्टर स्वतः झटकायचे, आणि मी काही सांगायला गेलो की म्हणायचे, तू चार गाड्या बघतोस, मी एकच बघतो, मला जास्त कळतं. ते घरचे जावई आणि मी धाकटा मेहुणा. त्यांच्यासमोर मी आवाज चढवला असं कधी झालं नव्हतं.

त्या साली नेहमीसारखे आले. अक्का आत पूजा मांडत होती. दाजींची गाडी उन्हात होती म्हणून ती सावलीला घ्यायला मी किल्ली फिरवली, तर इंजिन चालू झाल्यावरही लाल दिवा विझेना. हँडब्रेक ओढलेला असला तरी हाच दिवा लागतो, पण तो सोडलेला होता. बोनेट उघडलं. डबीतलं ऑइल मिनच्या खाली, आणि रंग काळा. आत जाऊन दाजींना विचारलं, हे कधीपासून? त्यांनी अगदी सहज सांगितलं की बरेच दिवस लागतोय, तेवढ्यासाठीच तर तुझ्याकडं आणली. ऑइल भर, उद्या दसऱ्याला जोतिबाला जायचंय.

मी म्हटलं, दाजी, चाकं उघडावी लागतील. त्यांनी कापडावर मांडलेल्या हत्यारांकडं हात केला आणि हसले. बरोबरच होतं त्यांचं, पाना पूजेत बसलेला होता. मग म्हणाले, परवा उघड की निवांत, आज नुसतं भर. ऑइल भरायला हत्यार लागत नाही, झाकण हातानं निघतं. कोल्हापुरातल्या कुठल्याही गॅरेजवाल्यानं ह्या मुद्द्यावर मान डोलावली असती. सणाचा दिवस, घरचा जावई, झाकण हातानं निघतंय, काय बिघडलं? मी म्हटलं, मी भरणार नाही. भरलं तर दिवा विझेल आणि तुम्ही निर्धास्त जोतिबाचा उतार उतराल. माझी गाडी न्या. दाजी म्हणाले, दसऱ्याला दुसऱ्याच्या गाडीतनं देवाला जाऊ व्हय? मी म्हटलं, मग मी सोडायला येतो. त्यांनी तोंड फिरवलं. कामगार बघत होते, दोन-तीन गिऱ्हाइकं बघत होती. मेहुणा दाजींना नाही म्हणतोय, ही बघण्यासारखीच गोष्ट होती.

मग मी ते केलं. वाकलो आणि पूजेतला व्हील पाना उचलला. त्याच्यावरची माळ खाली पडली. हळदकुंकू माझ्या तळहाताला लागलं. अक्काच्या हातात अजून समई होती.

“दिनू, ठेव त्ये खाली.”

मी म्हटलं, “अक्का, पूजा पुन्हा मांडता येती.”

दाजी उठून उभे राहिले. चेहरा लालबुंद. “पूजेतलं हत्यार माझ्या गाडीवर उचलतोस? सणासुदीचं माझं वाईट चिंततोस व्हय रं?” असं म्हणून त्यांनी माझ्या हातातली किल्ली घेतली. पहिल्या नटाला पाना लावायच्या आत गाडी चालू झाली होती. अक्कानं समई खाली ठेवली, देवाला नमस्कार केला आणि माझ्याकडं न बघता जाऊन गाडीत बसली. मटणाचं पातेलं चुलीवर रटरटत होतं. त्या घरचं माणूस खंडेनवमीला माझ्या दारातनं उपाशी गेलं, असं पहिल्यांदाच झालं.

संध्याकाळी दाजींचा फोन आला. आवाज एकदम खुशीतला. वाटेत एका दुकानातून ब्रेक ऑइलची बाटली घेतली होती आणि स्वतःच्या हातानं भरली होती.

“इझला की रं तुझा दिवा. गच्च मॅक्सपतोर भरलंय.”

मी सांगायला गेलो की दाजी, दिवा विझला म्हणजे ब्रेक झाले असं नव्हे. ते म्हणाले, उद्या दसरा हाय, तोंडातनं चांगलं काढ. फोन ठेवला. मग मी त्यांच्या मुलाला, सुहासला फोन लावला. तो तिकडं दूध संघात नोकरीला आहे, समजूतदार पोरगा. त्याला सगळं सांगितलं, म्हटलं, उद्या गाडी बाहेर काढू देऊ नको. त्यानं ऐकून घेतलं आणि विचारलं, “बाबांना कोण सांगणार मामा?”  मी स्वतः सांगून बसलो होतो.

दुसऱ्या दिवशी दुपारी जोतिबाचं दर्शन करून ते खाली उतरत होते. गाडीत दाजी आणि अक्का, मागं मोटरसायकलवर सुहास. त्यानं डोळ्यांनी बघितलं. नंतर दवाखान्याच्या पायरीवर बसून तो मला एकच सांगत राहिला. “मागचा लाल दिवा लागत हुता मामा. बाबा ब्रेक मारत हुते. दिवा सारखा लागत हुता आणि गाडी थांबंना.” वळणावर गाडी दगडी कठड्याला धडकली, ड्रायव्हरच्या बाजूनं. दाजी दवाखान्यात पोचेपर्यंत राहिले नाहीत. अक्काचा उजवा हात दोन ठिकाणी मोडला.

गाडी पोलिसांच्या आवारात लावली होती. परवानगी काढून मी बघायला गेलो. पुढच्या डाव्या चाकाचा पॅड पार संपलेला. पॅडला मागं लोखंडी पट्टी असते, तिच्यावर काळा मसाला चिकटवलेला असतो, तोच डिस्कला घासतो. इथं मसाला नावाला नव्हता. लोखंडावर लोखंड घासून डिस्कला चर पडले होते. पिस्टन इतका पुढं आलेला की जागा सोडून बाहेर पडला होता, आणि त्या बाजूचं ऑइल चाकावर ओघळलं होतं. राहिलेल्या ब्रेकवर गाडी उतारावर थांबायला हवी होती थोडीफार, पण आतलं ऑइल जुनं, पाणी मुरलेलं, तापून त्याचा फेस झालेला. बोनेटखाली डबी बघितली, तिला आत दोन कप्पे असतात, दोन वेगळ्या नळ्यांचे. एकीकडचा कप्पा रिता झाला होता, आणि दुसरा नव्या ऑइलनं मॅक्सपर्यंत भरलेला होता. मी तिथंच खाली बसलो. मग ती लोखंडी पट्टी काढून फडक्यात बांधून घेतली.

कशाला घेतली? मला वाटलं, दाखवावी. मूर्ख होतो मी.

तेराव्याला कोडोलीत गेलो. सोप्यात भावकी बसली होती. दाजींचा चुलतभाऊ मोठ्यानं बोलत होता, मला बघून आवाज कमी करावा असं त्याला वाटलं नाही. म्हणत होता, खंडेनवमीला पूजेतलं हत्यार माणसासमोर उचलल्यावर दुसरं काय हुणार. सगळ्यांच्या माना हलल्या. आत बायकांत तेच, बाहेर पारावर तेच. लाल दिव्याचं नाव एकाच्या तोंडात नाही. इतके दिवस दिवा जळत होता तो कुणाला दिसला नाही आणि मी एक पाना उचलला तो अख्ख्या गावाला दिसला! माझं डोकं फिरलं. फडकं सोडलं, पट्टी सगळ्यांच्या मधे ठेवली आणि सांगायला लागलो, ह्याच्यावर एवढा मसाला असतो, तो संपला की ऑइल खाली जातं, म्हणून दिवा लागतो, वरून भरलं की दिवा विझतो. माझं मलाच ऐकू येत होतं, गॅरेजात गिऱ्हाइकाला समजावल्यासारखं बोलत होतो.

अक्का उंबऱ्यात आली. हात प्लॅस्टरमध्ये, कपाळ मोकळं. पट्टीकडं बघितलं. तिला कळलं होतं, हे मी आजही शपथेवर सांगतो. चाक, पॅड, ऑइल, ह्यांवरच माझी पहिली कमाई झालेली तिनं बघितली होती. तिला न कळायला ती काय परकी होती?

“त्ये बाहीर टाक,” ती म्हणाली. “आणि तूबी ह्या घरात पुन्ना येऊ नगंस.”

मी पट्टी उचलली आणि निघालो. वाटेभर रडलो, आणि रागानं रडलो. तो राग अजून आहे, लपवत नाही. मी बरोबर होतो. एवढ्या वर्षांच्या धंद्यात इतका बरोबर मी कधीच नव्हतो, आणि त्याचं बक्षीस काय, तर भाऊबीज बंद. सुहास अधूनमधून गुपचूप फोन करायचा. दिवाळीत माझी बायको पाट मांडायची आणि मी तो उचलून ठेवायचो. भावकीतल्या एका लग्नात अक्का समोरून आली आणि मला बघून दुसऱ्या दारानं गेली. लोक मला म्हणायचे, झालं गेलं विसर. मी कशाला विसरू? काही रात्री वाटतं, किल्ली आधीच खिशात घालायला हवी होती, गाडीची वायर उपटून ठेवायला हवी होती. पण मग वाटतं, दाजींनी दुसऱ्या दिवशी मेकॅनिक बोलावून जोडून घेतली असती. ज्याला ऐकायचं नाही त्याच्यापुढं काय कपाळ फोडायचं?

अक्काचं मला कळायला वेळ लागला. ती पट्टी खरी मानली की दोष दाजींच्या हाताला लागतो. ज्या हातानं बाटली ओतली त्या हाताला. नवरा गेला, आता त्याच्यावर ठपका ठेवून तिनं उरलेलं आयुष्य काढायचं? शिवाय ती स्वतः त्या गाडीत बसली होती, मी पाना उचललेला असताना, मला ‘ठेव’ म्हणून. हे सगळं उरावर घेण्यापेक्षा पाना बरा. पाना काही बोलत नाही आणि पान्याचा धनी तिचा धाकटा भाऊ, तो सोसेल. सोसलंच मी. पण कळलं म्हणून कमी दुखतं असं कुणी समजू नये.

त्यानंतर दर खंडेनवमीला मी सगळी हत्यारं पूजेत मांडायचो, तो व्हील पाना सोडून. तो बाहेर भिंतीला टेकवून ठेवायचो. कुणाला त्या दिवशी लागला तर पुन्हा पूजेतनं उचलायला नको. कामगार काय ते समजायचे, विचारायचे नाहीत.

गेल्या खंडेनवमीला दारात गाडी थांबली. सुहास चालवत होता. मागच्या दारातनं अक्का उतरली. केस पांढरे झालेले, उजवा हात कोपरात वाकडाच राहिलेला. मी खुर्चीतनं उठायला गेलो तर गुडघा अडकला आणि तसाच अर्धा उभा राहिलो. ती सरळ पूजेपाशी गेली. कापडावर नजर फिरवली.

“माझा पाना कुठं हाय?”

मी भिंतीकडं बोट दाखवलं. ती गेली, डाव्या हातानं पाना उचलला, जड होता, कामगार मदतीला धावला तर त्याला लांब केलं. पदरानं पुसला आणि मधोमध ठेवला, तिच्या जुन्या जागी. माझ्याकडून हळदकुंकू वाहून घेतलं. माळ घातली. मग माझ्याकडं वळली.

“माफी माग त्येची.”

“कशाची अक्का?”

“तुला ठावं हाय.”

सगळे बघत होते. कामगार, गिऱ्हाइकं, सुहास. हाताच्या अंतरावर टेबलाचा ड्रॉवर होता आणि त्यात ती लोखंडी पट्टी, त्याच फडक्यात. एकदा वाटलं, काढावी आणि पूजेत पान्याशेजारी ठेवावी. म्हणावं, आता दोघांनाही हळदकुंकू लागू दे. अक्काकडं बघितलं. ती रागात नव्हती. राग असता तर मी पट्टी काढली असती. तिची नजर खाली होती आणि वाकडा हात तिनं पदराखाली घेतला होता. ती माझ्याकडं परतायची वाट मागायला आली होती, हे तिला सांगता येत नव्हतं आणि मला कळत होतं. मला न्हाऊ घातलेला हात तो.

मी वाकलो. गुडघा करकरला. पान्याला डोकं लावलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, “चुकलं माझं.”

 अक्कानं पदर खोचला आणि आत जाऊन माझ्या बायकोला विचारलं की मटणात मीठ बघितलं का. जेवली. भाऊबीजेला येते म्हणाली. जाताना सुहास माझ्याजवळ आला आणि आईला ऐकू जाणार नाही इतक्या हळू आवाजात म्हणाला, “मामा, दसरा झाला की गाडी लावतो. चाकं उघडून बघून घे.” मी मान हलवली. गाडी वळणावर गेली तेव्हा सवयीनं ब्रेकचा आवाज ऐकला. ठीक होता.

भाऊबीजेला अक्का आली. डाव्या हातानं ओवाळलं. दाजींचं नाव निघालं, त्यांच्या गाडीचं कौतुक निघालं, किती जपायचे गाडीला, स्वतः सगळं बघायचे, असं ती बोलत राहिली आणि मी होय होय म्हणत तिच्या हातची करंजी खात राहिलो. यंदाही येणार आहे. तुम्ही हा अंक वाचत असाल तेव्हा येऊनही गेली असेल. भिंतीवरचं वाक्य आता फिकट झालंय, रंगारी विचारत होता, पुन्हा काढू का? मी म्हटलं, राहू दे तसंच. कुठल्या तोंडानं सांगू त्याला काढ म्हणून. अक्कापुढं मीही चाक न उघडता वरून भरलंय.